१८० पौंडांचं टीव्ही लायसन: आमच्या घरी ते नेमकं कोणासाठी भरतो?

एप्रिल २०२६ पासून ब्रिटनमधलं टीव्हीचं वार्षिक लायसन, म्हणजे टीव्ही बघण्यासाठी घराने भरायची आणि मुख्यतः बीबीसीकडे जाणारी फी, १८० पौंड झालं. गेल्या वर्षी ते १७४.५० होतं, त्याच्या आदल्या वर्षी १६९.५०. आता महिन्याचे बरोबर पंधरा पौंड पडतात, निदान हिशेब तरी सोपा झाला. रुपयांत करायला जाऊ नका. इथे आल्यावर पहिल्या वर्षी सगळेच करतात आणि मग आठवडाभर बाहेर चहासुद्धा घशाखाली उतरत नाही.

मी रेडिंगला राहते. घरात मी, नवरा, सुट्ट्या लागल्या की धुण्याची बॅग घेऊन उगवणारा मुलगा आणि दर उन्हाळ्यात मिरजेहून येणाऱ्या सासूबाई. भिंतीवर टीव्ही एकच; फोन, टॅब, लॅपटॉप धरले तर पडदे माणसांपेक्षा जास्त. लायसन मात्र एकच पुरतं, कारण ते माणसाचं नसतं, पत्त्याचं असतं. एका पत्त्यावर एका कुटुंबाचे कितीही टीव्ही चालतात. पण भाड्याच्या घरात चार पोरं राहत असतील आणि प्रत्येकाचा खोलीचा करार वेगळा असेल, तर प्रत्येकाला आपापलं लायसन लागतं. करार एकत्र असेल तर एकात भागतं. घर शोधतानाच हे एजंटला विचारून घ्यावं.

आधी एक गैरसमज दूर करते. नव्याने आलेल्यांना वाटतं, लायसन म्हणजे बीबीसीची वर्गणी. 'आम्ही बीबीसी बघतच नाही' म्हणून ते निश्चिंत असतात. कायदा तसं म्हणत नाही. कुठल्याही देशाचं, कुठलंही चॅनेल, कुठल्याही यंत्रावर, प्रक्षेपण चालू असताना बघितलं किंवा रेकॉर्ड केलं की लायसन हवं. त्यात पैसे भरून घ्यायचं स्काय आलं, प्राइमवरचा लाइव्ह सामना आला आणि यूट्यूबवर दिवसभर किंचाळणारं मराठी बातम्यांचं चॅनेलही आलं. शिवाय आयप्लेअर या बीबीसीच्या ॲपवर बीबीसीचं काहीही बघायचं असेल तरी लागतं, मग ते लाइव्ह असो की महिन्यापूर्वीचं. आधी आयप्लेअरवर नंतर सवडीने बघितलेलं फुकट चालायचं, ती पळवाट १ सप्टेंबर २०१६ ला बुजवली. याउलट नेटफ्लिक्सवरची मालिका, आयटीव्हीएक्सवर किंवा चॅनेल फोरच्या ॲपवर दुसऱ्या दिवशी बघितलेला भाग, यूट्यूबवरच्या रेसिपी, यातल्या कशालाही लागत नाही. रेडिओला तर नाहीच नाही. रेडिओचं वेगळं लायसन इथे १९७१ मध्येच रद्द झालं.

(आपल्याकडेही रेडिओला लायसन असायचं, हे मुलाला सांगितलं तर त्याला खरं वाटेना. आजोबा पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि लायसनचं पुस्तक फडताळात रेशनकार्डाशेजारी ठेवायचे. रेडिओ मर्फीचा होता आणि त्याच्यावर विणलेला रुमाल.)

तर आमच्या घराचा जमाखर्च.

सासूबाईंची साडेसातची मालिका इथे उन्हाळ्यात दुपारी तीनला लागते. बरोबर चहाची वेळ. ती त्या चॅनेलवर चालू असताना बघतात, म्हणजे लायसन हवं. तोच भाग तासाभराने ॲपवर उघडला तर नको. मी हे त्यांना समजावून बघितलं. 'शिळा भाग कशाला बघू?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नवऱ्याला क्रिकेट लागतं. बीबीसीने टीव्हीवर कसोटी सामने लाइव्ह दाखवणं १९९८ नंतर सोडलं. मग काही वर्षं ते चॅनेल फोरवर होते आणि २००६ पासून स्कायकडे आहेत. २०२५ च्या मालिकेत ओव्हलवर आपण सहा धावांनी जिंकलो, मालिका २-२ झाली, त्यातला एकही चेंडू बीबीसीच्या टीव्हीवर लाइव्ह दिसला नाही. संध्याकाळचे हायलाइट्ससुद्धा त्या उन्हाळ्यात चॅनेल फाइव्हवर गेले होते. स्कायचे पैसे वेगळे भरायचे, आणि स्काय लाइव्ह बघतो म्हणून बीबीसीला जाणारं लायसनही भरायचं. नवरा या विषयावर बोलायला लागला की आम्ही दुसऱ्या खोलीत जातो.

मी मात्र त्याच सामन्याच्या वेळी स्वयंपाकघरात बीबीसी रेडिओवर टेस्ट मॅच स्पेशल लावलं होतं. १९५७ पासून चाललेलं हे समालोचन आहे. पाऊस पडून खेळ थांबला की ही मंडळी केक आणि कबुतरांबद्दल बोलत बसतात, आणि ते खेळापेक्षा रंगतं. नवरा स्काय इंटरनेटवरून बघतो, त्यामुळे माझ्याकडे विकेट आधी पडते. मी ओरडले की तो चिडतो. या आनंदाचे मला शून्य पौंड पडतात.

माझं बाकीचं बीबीसीही बहुतेक फुकटातलंच. सकाळी रेडिओ फोर, भाजी चिरताना इन अवर टाइम. मेल्विन ब्रॅग यांनी १९९८ पासून २०२५ पर्यंत तो कार्यक्रम चालवला: तीन प्राध्यापक आणि एक विषय, कधी सम्राट अशोक, कधी कृष्णविवरं. जुने भाग बीबीसीच्या साउंड्स ॲपवर पडलेले आहेत, एकेक काढून ऐकते. मुलाच्या शाळेच्या परीक्षांना बाइटसाइझ ही वेबसाइट होती, तीही बीबीसीची, तिलाही लायसन लागत नाही. बातम्यांच्या वेबसाइटला लागत नाही. खरोखर लायसन लागावं असं मी जे बघते ते म्हणजे शुक्रवारी बीबीसी टूवर गार्डनर्स वर्ल्ड, सोमवारी युनिव्हर्सिटी चॅलेंज आणि प्राणी-निसर्गावरचं, डेव्हिड ॲटनबरोंच्या आवाजातलं जे काही असेल ते.

म्हणजे आमच्या घरात बीबीसीचं जे सगळ्यात जास्त वापरलं जातं त्याला पैसे पडत नाहीत. आणि ज्यासाठी पैसे भरावेच लागतात त्यातली मालिका मुंबईत तयार होते आणि क्रिकेट स्काय दाखवतं. हा उलटा हिशेब लक्षात आल्यापासून 'लायसन परवडतं का' या प्रश्नाला मी सरळ उत्तर देऊ शकत नाही. नेटफ्लिक्सबाबत ते सोपं असतं: जाहिरातींविनाचा साधा प्लॅन २०२५ मध्ये १२.९९ झाला, दोन महिने काही बघितलं नाही की बंद करायचा. इथे मी बीबीसी बंद केलं तरी सासूबाई आणि स्काय बंद होत नाहीत, म्हणून लायसनही बंद होत नाही.

पण हे म्हणून थांबले तर अन्याय होईल, कारण मुलगा लहान असताना हेच लायसन मला स्वस्त वाटत होतं.

सीबीबीज हे लहान मुलांचं चॅनेल. जाहिरात नाही, एकसुद्धा नाही. ज्यांनी दुकानात पोराला खेळण्याच्या कपाटापासून उचलून बाहेर आणलंय त्यांना याची किंमत सांगावी लागणार नाही. मुलगा कुठलंही खेळणं नाव घेऊन मागत नव्हता, कारण ती नावं त्याला माहीतच नव्हती. संध्याकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना कोणीतरी खुर्चीत बसून गोष्ट वाचून दाखवतं, आणि सातला चॅनेल बंद. उद्या सकाळी भेटू. पुढचा भाग आपोआप सुरू होणाऱ्या ॲपच्या जमान्यात स्वतःहून झोपायला जाणारं चॅनेल ही मला आजही सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. 'ते लोक झोपले' एवढं सांगितलं की रडारड व्हायची नाही. माझा मुलगा इंग्रजी उच्चार तिथून शिकला, माझ्याकडून नाही, हेही बरंच झालं. २०२१ च्या जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या तेव्हा बीबीसीने शाळेचे धडे टीव्हीवर लावले. ज्या घरात लॅपटॉप एक आणि मुलं तीन, तिथे त्याचा काय उपयोग झाला असेल याची कल्पना करता येते.

खेळांचं मात्र खरोखरच विरळ होत चाललंय. विंबल्डन आहे, दोन आठवडे सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि तेही मधे जाहिरात न येता. ऑलिम्पिक आहे, पण पूर्वी कुठलंही मैदान निवडून बघता यायचं, तसं आता राहिलं नाही. बहुतेक हक्क दुसऱ्यांकडे गेले. नाटकं-मालिका चांगल्या असतात, पण चार चांगल्या झाल्या की मधे बराच काळ घरांच्या लिलावाचे आणि जुन्या वस्तूंच्या किमतीचे कार्यक्रम चालतात. दुपारी बीबीसी वन लावून बघा, म्हणजे कळेल. ते आवडणारे लोक आहेत. माझी शेजारीण त्यातलीच.

आता एक गोष्ट, जी इंग्रज शेजाऱ्यांना सांगितली तर ते 'हो का?' म्हणून विषय बदलतात, पण मराठी माणसाने लक्ष द्यावं अशी आहे. या लायसनच्या पैशांतून वेल्श भाषेचं एस-फोर-सी हे चॅनेल चालतं. १ नोव्हेंबर १९८२ ला ते सुरू झालं. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले. आपल्या सांगली-मिरजेत मिळून जेवढे लोक असतील साधारण तेवढ्यांसाठी बातम्या, मालिका, रग्बीचं समालोचन, मुलांची कार्टून, सगळं वेल्शमध्ये. आणि त्याचे पैसे रेडिंगमधली मी, लिव्हरपूलमधला ट्रकचालक आणि लंडनमधला बँकवाला, सगळे मिळून भरतो. त्यातल्या बहुतेकांना वेल्शचं एक अक्षर कळत नाही. मला हे पैसे सगळ्यात आनंदाने द्यावेसे वाटतात. आठ कोटींच्या वर मराठी बोलणारे असून आपल्या भाषेतल्या चांगल्या बालकार्यक्रमांची नावं काढताना अडखळायला होतं, म्हणून कदाचित जास्तच.

बीबीसी मराठीचंही तसंच. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ते सुरू झालं. एप्रिल २०२४ पासून भारतातल्या भाषांचं काम कलेक्टिव्ह न्यूजरूम ही वेगळी भारतीय कंपनी करते, कारण परकीय गुंतवणुकीचे नियम बदलले. बीबीसीच्या परदेशी भाषांतल्या सेवेचा, वर्ल्ड सर्व्हिसचा, मोठा खर्च लायसनमधून निघतो, बाकीचा परराष्ट्र खात्याच्या अनुदानातून. म्हणजे मिरजेतला माझा भाऊ सकाळी फोनवर जे वाचतो त्यात माझेही चार पैसे आहेत. त्याला हे सांगितल्यापासून तो एखादी बातमी आवडली नाही की मला फोन करतो.

आमच्या रेडिंगला कॅव्हरशम पार्क नावाची टेकडीवरची भव्य हवेली आहे. १९४३ पासून २०१८ पर्यंत बीबीसी मॉनिटरिंगची माणसं तिथे बसून जगभरचे रेडिओ आणि टीव्ही ऐकायची आणि त्याचा अनुवाद करायची. मग खर्च परवडेना म्हणून ते लंडनला हलवलं आणि जागा विकली. बसमधून जाताना ती दिसते. कॉस्ट कटिंग हा शब्द ऑफिसात रोज ऐकते, पण एवढ्या मोठ्या खिडक्यांसकट क्वचितच बघायला मिळतो.

२०२४-२५ मध्ये लायसनमधून सुमारे ३.८ अब्ज पौंड जमा झाले. ऐकायला प्रचंड, पण भरणाऱ्यांची घरं दर वर्षी कमी होताहेत. मुलाच्या पिढीला आयप्लेअर हे आईबाबांचं ॲप वाटतं. त्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये महासंचालक टिम डेव्ही आणि बातम्यांच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले. पॅनोरमा या कार्यक्रमात ट्रम्प यांचं ६ जानेवारी २०२१ चं भाषण असं जोडलं होतं की दूर अंतरावरची वाक्यं सलग वाटत होती. एरवी बीबीसीवर मी विसंबते ती बातम्यांसाठी, त्यामुळे हे लागलं. संपादनाच्या टेबलावर कोणीतरी 'हे असं नको' म्हणायला हवं होतं, आणि त्याचाच तर आपण पगार देतो.

पैशांच्या बाजूने बघितलं तर लायसनवर माझे सगळ्यात मोठे आक्षेप दोन. पहिला, ते सगळ्यांना सारखंच आहे. एका खोलीत राहणाऱ्या रात्रपाळीच्या नर्सला १८० आणि थेम्सकाठी बोट बांधून ठेवणाऱ्यालाही १८०. पंचाहत्तरीनंतर ते पूर्वी सगळ्यांना मोफत होतं. ऑगस्ट २०२० पासून फक्त पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांची सरकारी मदत, मिळणाऱ्यांनाच मोफत राहिलं. दृष्टिहीन म्हणून नोंद असलेल्यांना निम्मं. बाकी फारशी सवलत नाही. कृष्णधवल टीव्हीचं लायसन रंगीतच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात मिळतं, आणि खरंच काही हजार घरं ते घेतात. ती घरं बघायची मला फार इच्छा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. लायसन नसताना लाइव्ह बघणं इथे फौजदारी गुन्हा आहे. दंड १,००० पौंडांपर्यंत, वर कोर्टाचा खर्च. वीजबिल थकलं तर गुन्हा होत नाही, टीव्हीचं थकलं तर होतो. आणि खटले भरले जातात त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट जास्त आहे. कारण साधं: तपासायला माणूस येतो तेव्हा घरात कोण असतं, दार कोण उघडतं, आणि विचारलेल्या प्रश्नांना सरळपणे उत्तरं कोण देतं? मुलं सांभाळत घरी बसलेली बाई. हे वाचल्यावर १८० चा आकडा मला वेगळाच दिसायला लागला. जर्मनीत माझी मावसबहीण राहते. तिथे टीव्ही असो-नसो, प्रत्येक घराने महिन्याला १८.३६ युरो भरायचे. महाग आहे, सक्तीचं आहे, पण दारात येऊन 'टीव्ही आहे का' विचारायची गरज उरत नाही. सोसायटीत तळमजल्यावरचाही लिफ्टचा मेंटेनन्स भरतो, तसंच. कुरकुरतो आणि भरतो, पण म्हणून त्याला कोणी कोर्टात उभं करत नाही. मला तो प्रकार बरा वाटतो.

नव्याने आलेल्यांसाठी, मला कोणी विचारतं तेव्हा मी जे सांगते ते इथेही लिहिते. दारात माणूस आला तर तो कोर्टाच्या वॉरंटशिवाय आत येऊ शकत नाही, तुम्ही त्याला घरात घेतलंच पाहिजे असं नाही. लायसन लागत नसेल तर गप्प बसू नका. 'मला लागत नाही' असं ऑनलाइन कळवायची सोय आहे, म्हणजे 'कायदेशीर रहिवासी' अशा नावाने येणारी कडक पत्रं थांबतात. दोनेक वर्षांनी ते पुन्हा विचारतात, पुन्हा कळवायचं. एकटे राहत असाल, फक्त नेटफ्लिक्स आणि यूट्यूबवरच्या साध्या क्लिप बघत असाल, तर १८० पौंड वाचवा, त्यात काही पाप नाही. डायरेक्ट डेबिट लावताना जपून: पहिल्या वर्षाचे पैसे सहा महिन्यांत कापून घेतात, म्हणजे महिन्याला तीस, आणि नंतर ते पंधरावर येतं. तिमाही हप्त्याला दर वेळी थोडे जास्त पडतात, तो घेऊच नका. मधेच भारतात परतलात तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे मागता येतात. बहुतेकजण मागतच नाहीत.

लहान मुलं असतील तर मात्र घ्या. तेवढ्या एका कारणासाठी मी पाचपैकी साडेचार देईन. आमच्यासारख्या, मूल मोठं झालेल्या घराला तीन. नियमांच्या किचकटपणाला दीड.

किचकटपणाचा कळस मुलाच्या बाबतीत आहे. तो शेफील्डला शिकतो. तिथल्या खोलीत त्याने लॅपटॉपवर लाइव्ह सामना बघितला तर आमच्या रेडिंगच्या लायसनमध्ये ते बसतं, पण लॅपटॉप बॅटरीवर चालू असेल तरच. चार्जर भिंतीत खोचला की त्याला स्वतःचं लायसन लागतं. हे मी बनवून सांगत नाहीये, नियमच तसा आहे. बॅटरी संपायच्या आत सामना संपवायचा म्हणून तो टी-ट्वेंटीच बघतो, असं तो म्हणतो.

बीबीसी ज्या सरकारी सनदेवर चालते ती सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. त्यानंतर लायसन राहील, की वर्गणी होईल, की जाहिराती येतील, यावर सरकारची चर्चा चालू आहे. जाहिराती आल्या तर सीबीबीज वाचवा एवढंच माझं म्हणणं, बाकीचं काय ते ठरवा. आमचं नूतनीकरण जूनमध्ये येतं. विंबल्डन आणि सासूबाई दोन्ही त्याच सुमारास, त्यामुळे यंदा भरणार आहोत. नवऱ्याने स्काय बंद करून क्रिकेट माझ्या रेडिओवर ऐकायचं ठरवलं तर पुढच्या वर्षी पुन्हा विचार करू, पण तो ठरवेल असं वाटत नाही.